दीडशे कोटी ठिपके आणि एक डोंगर

गेल्या दसऱ्यास सोने देण्याच्या निमित्ताने माझा एक जुना शिष्य दांडिया बाजारातील आमच्या घरी आला. तबल्याचा हात त्याचा बरा होता; पण पोटापाण्यासाठी त्याने संगणकाचा धंदा धरला आणि रिकाम्या वेळी छायाचित्रणाचा नाद लावून घेतला. आपट्याच्या पानांबरोबर त्याने अंगठ्याएवढा एक पेन ड्राइव्ह माझ्या हाती ठेवला व म्हणाला, "मास्तर, तुमच्या मुलखात जाऊन आलो. यात दोन चित्रे आहेत. सावकाश बघा, एका बैठकीत संपणार नाहीत."

एखादे छायाचित्र एका बैठकीत संपत नाही, हे मला त्या वेळी अतिशयोक्तीचे वाटले. आज तीन महिने झाले. आमच्या घरातील रात्रीची जेवणे त्या दोन चित्रांसमोर होत आहेत आणि ती अद्याप संपलेली नाहीत.

"तुमचा मुलूख" म्हणजे गोमंतक. वाचकांपैकी जुन्या मंडळींना माझे वडील आठवत असतील. ते चौदा वर्षांचे असताना १९४४ साली येथील कलावंत कारखान्यात आपल्या मामांच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागले. दरबाराच्या अखेरच्या पाच वर्षांत त्यांनी साथ केली, फैयाजखाँसाहेबांच्या बैठकीत मागे तंबोरा धरून बसण्याचे भाग्य त्यांना लाभले, आणि १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर त्यांनी शिकवण्या धरल्या. मी त्यांच्या उतारवयातील अपत्य. त्यांचे मूळ घर डिचोली महालातील एका लहान गावी. आजीचे माहेर पेडणे महालात, केरीस. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. तेथे आमचे भाऊबंद राहतात व जमिनीचे खटले अजून चालू आहेत. केरीविषयी मात्र एक खुलासा करून ठेवतो, कारण आपल्याकडील रसिकांचा हटकून घोटाळा होतो. केसरबाई केरकर ज्या केरीच्या, ती फोंडे महालातील. आजीची केरी तेरेखोलच्या मुखाशी, समुद्राकाठी. पेडण्याच्या वाट्याला आलेली थोर गायिका म्हणजे मालपेच्या अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४), भेंडीबाजार घराण्याच्या नझीरखाँसाहेबांच्या शिष्या. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचे रत्नसदस्यत्व (फेलोशिप) मिळाले. आजी त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली करी, देवीविषयी बोलावे तसा.

आता चित्रांविषयी. साध्या छायाचित्रात कॅमेरा एकदाच डोळा मिटतो. या प्रकारात तसे नसते. तिवईवर एक फिरते यंत्र बसवतात, त्यावर दूरचे जवळ आणणारे भिंग लावलेला कॅमेरा ठेवतात, आणि ते यंत्र क्षितिजाचा एकेक लहान तुकडा टिपत डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकत राहते. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो. मग संगणक त्या चढलेल्या कडा जुळवून सारे एकसंध शिवतो. माझ्या शिष्याने एकेका चित्रासाठी चोवीस रांगांत सहा-सहा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस तुकडे घेतले. शिवून झाल्यावर प्रत्येक चित्रात दीडशे कोटींहून अधिक ठिपके उरले. पडद्यावर प्रथम सारा देखावा एखाद्या लांबट पट्टीसारखा दिसतो. मग जेथे बोट न्याल तेथे आत आत शिरत जाता, आणि ज्या जागी तांबूस डाग होता तेथे कौलारू घर, घराच्या ओसरीवर दोरी, दोरीवर वाळत घातलेले लुगडे असे उलगडत जाते.

ही युक्ती अगदी आजची नव्हे. १८७५ साली सिडनी बंदराचे असेच तेवीस तुकड्यांचे चित्र काढले गेले, त्याची लांबी सुमारे दहा मीटर. पण मला सर्वांत नवल वाटले ते सिनसिनाटीच्या चित्राचे. १८४८ साली फाँटेन व पोर्टर या दोघा छायाचित्रकारांनी ओहायो नदीच्या पैलतीरावरून त्या शहराचा सारा धक्का चांदीचा मुलामा दिलेल्या आठ ताटल्यांवर टिपला. पुढे दीडशे वर्षांनंतर जाणकारांनी त्या ताटल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तेव्हा दुकानांवरच्या पाट्या वाचता आल्या, खिडक्यांचे पडदे दिसले, आणि एका मनोऱ्यावरचे घड्याळ, जे ताटलीवर मोहरीहून मोठे नसेल, त्यात किती वाजले तेही कळले: दोनला पाच मिनिटे कमी. ज्यांनी ते चित्र काढले त्यांना स्वतःला हे घड्याळ वाचता आले असेल असे वाटत नाही. चित्राने त्यांच्या डोळ्यांपेक्षा अधिक पाहून ठेवले होते.

आजच्या फिरत्या यंत्राचे मूळ मंगळ ग्रहावर आहे. तेथे उतरलेल्या गाड्यांनी पाठविलेले देखावे जोडण्यासाठी अमेरिकेतील नासा संस्था व कार्नेगी मेलन विद्यापीठ यांतील मंडळींनी जे काम केले, त्यातून ते निघाले. १८४८ची ताटली वाचण्यास सूक्ष्मदर्शक लागला. आता घरबसल्या कोणीही आत शिरतो, सापडलेल्या गोष्टीवर खूण करतो व तिच्याखाली चार ओळी लिहितो. २० जानेवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या शपथविधीचे जे प्रचंड चित्र डेव्हिड बर्गमन यांनी दोनशेवीस तुकड्यांतून शिवले, त्यात लोकांनी एक डुलकी घेत असलेले न्यायमूर्ती शोधून काढले. आम्हा वाजविणाऱ्यांना मौजेची बाब वेगळीच. व्यासपीठावर बसलेला जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा त्या चित्रात स्वतःच फोनने फोटो काढताना सापडतो! त्या दिवशी थंडी एवढी कडक होती की वाद्ये सुरात राहिली नसती, म्हणून जमावाने जे ऐकले ते आधी ध्वनिमुद्रित केलेले वादन होते. चित्रात वादक दिसतात, वाद्ये दिसतात, हात हललेले दिसतात. सूर कोठून येत होता ते मात्र दीडशे कोटी ठिपक्यांत कोठेच नाही. हे वाक्य मी त्या वेळी गमतीने वहीत लिहून ठेवले होते. पुढे त्यातली गंमत राहिली नाही.

पहिले चित्र तेरेखोलच्या किल्ल्यावरून घेतलेले. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रही त्यात शिरले व त्यांनी तिरंगा लावला. नदीच्या उत्तर तीरावर गोव्याचा एवढाच तुकडा, बाकी सारे पेडणे दक्षिणेला. किल्ल्यातून खाली पाहिले की तेरेखोल नदी समुद्रास मिळताना दिसते, आणि पलीकडे केरीची वाळू, तिच्या पाठीशी सुरूंची गर्द रांग.

हे चित्र मी आत्याला दाखविले. माझी आत्या वडिलांहून सात वर्षांनी धाकटी. लग्न होऊन १९५३ साली बडोद्यास आली. त्यानंतर दोन वर्षांत सरहद्द बंद झाली आणि गोवा मुक्त होईपर्यंत तिला माहेरी जाता आले नाही. मुक्तीनंतर एकदा गेली, पण ती केरीस, मामाच्या लग्नघरी. डिचोलीस तिचे जाणे झालेच नाही. आता ती नव्वदीला टेकली आहे. गुडघे गेले, पण डोळे शाबूत. मोतीबिंदू काढल्यापासून ते माझ्याहून चांगले आहेत.

मी तिला घरे दाखवीत होतो, तर तिचे बोट पाण्यावर. "ही फेरीबोट तीनदा कशी?" खरेच, केरीच्या धक्क्याशी एक, नदीच्या मध्यावर एक, आणि तेरेखोलच्या बाजूस एक, अशा तीन बोटी, तिन्हींवर तोच गंज, तीच निळी मोटारसायकल, रेलिंगला टेकलेला तोच छत्रीवाला. मी शिष्यास फोन लावला. तो हसला. एकेका तुकड्यास वीस सेकंद धरली तरी सारे चित्र टिपण्यास पाऊण तासाहून अधिक गेला. कॅमेरा सरकत होता व बोटही सरकत होती. म्हणजे हे चित्र एका क्षणाचे नव्हेच. डावीकडे साडेआठ वाजले आहेत आणि उजवीकडे सव्वानऊ. धक्क्यावर एक गृहस्थ कमरेपासून वर नाहीत. तो शिवणीत सापडला. खालचा तुकडा घेतला तेव्हा होता, वरचा घेईपर्यंत चालता झाला. आत्याने त्या बिचाऱ्या पायांकडे पाहून हात जोडले.

मग तिने रापण शोधून काढली. मला वाळूवर मुंग्यांची रांग दिसत होती. तिने सांगितले, माणसे जाळ्याचा दोर ओढीत आहेत. आत शिरून पाहतो तो खरेच. दोन दोर, समुद्रात दूरवर पसरलेले जाळे, आणि दोन्ही बाजूंस माणसे. "इकडच्या बाजूला माणसे कमी आहेत. जाळे तिरपे येणार," ती म्हणाली. "आणि पाणी चढते आहे. ओल्या वाळूची रेघ बघ." साऱ्या चित्रात मला काय दिसले? किल्ल्यातील सेंट अँथनीचे चर्च, सुरूची झाडे, क्षितिज. जे पोस्टाच्या कार्डावरही दिसते. तिने दोन संध्याकाळींत त्या वाळूवरून आपल्या आजोळचे अर्धे आयुष्य सांगितले: पहाटे शंख वाजला की कोणी धावायचे, मासळीचे वाटे कसे पडत, दोराला हात लावलेल्या पोरासही ओंजळभर कशी मिळे. मी ते सारे शिष्याच्या सूचनेप्रमाणे चित्रावर खुणा करून लिहून ठेवीत गेलो. एकूण एकतीस खुणा झाल्या. त्यांतील सव्वीस तिच्या.

दुसऱ्या चित्राची गोष्ट वेगळी. ते मी तिला दाखविले नव्हते.

हे चित्र डिचोलीजवळच्या एका पठारावरून घेतलेले आहे. महाराष्ट्राशी या महालाचे नाते जुने. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ साली नव्याने बांधविले. त्याचा अलीकडे जीर्णोद्धार होऊन २०२३ साली ते पुन्हा दर्शनास खुले झाले. ते देऊळ चित्रात दिसत नाही, झाडीच्या खोलगटात दडले आहे. डिचोलीचा नवा सोमवार आणि त्या रात्रीच्या पालखीपुढचे गाणे आमच्या घरात इतके ऐकले आहे की मी तेथे न जाताही त्या रस्त्याची वळणे सांगू शकेन. शिरगावच्या लईराईची जत्रा, वेताच्या काठ्या घेतलेले धोंड, पहाटेचे होमकुंड, हेही तसेच. पण मी जे शोधीत होतो ते देऊळ याहून लहान, नकाशावर नाव नसलेले.

आमचे आजोबा त्या देवळाच्या चौघड्यावर नगारा वाजवीत. वडील सांगत की देवळासमोर शेत, शेतापलीकडे उभा डोंगर. पहाटे नगाऱ्यावर टिपरी पडली की तोच घाव डोंगर परत देई. आजोबांची शिकवण्याची रीत अशी, की पोराला नगाऱ्यापाशी बसवावे आणि म्हणावे, "डोंगर सांगेल." लय बरोबर असेल तर परत आलेला घाव नेमका मात्रेवर पडतो, लय ढळली की तो दोन मात्रांच्या मध्ये येऊन आदळतो व सारे वादन चिखल होते. वडील म्हणत, "आमच्या घरात मात्रा डोंगराने दिलेली आहे." ही गोष्ट मी गेली वीस वर्षे माझ्या विद्यार्थ्यांस सांगत आलो आहे. खरे सांगतो, मला स्वतःला ती अर्धी दंतकथा वाटे.

चित्र आल्यावर मी हिशेब केला. नकाशावर देवळापासून त्या डोंगराच्या उतारापर्यंतचे अंतर सुमारे साडेतीनशे मीटर भरते. ध्वनी सेकंदास तीनशेचाळीस-साडेतीनशे मीटर चालतो. म्हणजे जाण्यास एक सेकंद व येण्यास एक. दोन सेकंदांनी घाव परत. आता मिनिटास साठ मात्रांची लय धरा: प्रतिध्वनी बरोबर दोन मात्रांनी येईल. लय दुप्पट करा, तो चार मात्रांनी येईल. नव्वदला तीन मात्रांनी. पण सत्तर किंवा ऐंशीची लय धरलीत तर तो कधीच मात्रेवर बसणार नाही. म्हणजे डोंगर काही थोड्याच लयी कबूल करतो, बाकीच्या नाकारतो. आणि त्या लयी एकमेकींशी दुगुण-तिगुणीच्या नात्यात असतात. गोष्ट दंतकथा नव्हती. अक्षर न शिकलेल्या माझ्या आजोबांपाशी तीनशे मीटर लांबीचा लोलक होता!

एवढा हिशेब झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने चित्रात तो डोंगर शोधू लागलो. देऊळ सापडले, कौले गेली होती, पत्रा आला होता, पण दीपमाळ तीच. शेत सापडले, पडीक. आणि शेतापलीकडे डोंगराच्या जागी पायऱ्या. राक्षसाने उतरण्यासाठी केल्या असाव्यात अशा तांबड्या, पाच-सहा माणसे उंच पायऱ्या, खाली जाणाऱ्या. तळाशी हिरवे पाणी. बाजूस खनिज काढल्यावर उरलेल्या मातीचे ढीग, त्यांवर लावलेली परदेशी बाभूळ, सारखी एका वयाची.

डिचोलीच्या लोकांस यात बातमी काहीच नाही. वडील लहान होते तेव्हाच लोहखनिज निघू लागले होते, पण ते कुदळीने व बाया पाट्या वाहत त्या मानाने. पुढे जपानला माल जाऊ लागला, यंत्रे आली, आणि डोंगर आडवे झाले. २०१२ साली सारे काम थांबविण्यात आले, मध्ये सुरू झाले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबले, आणि २०२४ पासून डिचोली महालात नव्याने सुरू झाले आहे. काम बंद पडले तेव्हा ट्रक व बार्जवाल्यांची घरे बसली, सुरू होते तेव्हा विहिरी बसतात. आमच्याच भाऊबंदांपैकी एकाचा ट्रक आहे व दुसऱ्याची विहीर. बडोद्यात बसून त्यांच्यातला कोण बरोबर हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. पण डोंगराचे म्हणाल तर तो दोघांनाही परत मिळणार नाही.

मी ते चित्र आत्यापासून लपविले. तिने विचारले की सांगे, शिष्य दुरुस्त करून आणणार आहे. एकदा तिच्या आग्रहाखातर उघडले, तर देवळाच्या अंगणातच बोट फिरवीत राहिलो: दीपमाळ, तुळस, पायरीवर झोपलेले कुत्रे. माझ्या वडिलांच्या पुण्यतिथीस विद्यार्थ्यांचे गाणे होते. त्या दिवशी हे चित्र मोठे करून मागे लावावे अशी शिष्याची इच्छा. मी केरीचे लावू म्हटले. तो म्हणाला, "मास्तर, पण गोष्ट तर तुम्ही डोंगराची सांगता." मी त्यावर रागावलो. उगाच रागावलो, हे येथे लिहितो, कारण तो हे पान वाचतो.

पुण्यतिथीच्या आदल्या रात्री आत्या म्हणाली, "तू कुत्र्यावरून पुढे का जात नाहीस?"

मी गप्प. तिने स्वतःच बोट पडद्यावर ठेवून चित्र सरकविले. इतक्या दिवसांत ते ती शिकली होती, माझ्या लक्षात आले नव्हते. शेत गेले, बांध गेला, मग त्या पायऱ्या. ती बराच वेळ बघत होती. आत गेली, आणखी आत गेली. हिरव्या पाण्याच्या काठापर्यंत. सत्तर वर्षे बडोद्यात मराठी-गुजराती बोललेली बाई, एकदम आपल्या आईच्या भाषेत म्हणाली, "दोंगर खंय गेलो?"

मी बंदी, न्यायालय, जपान असे काहीतरी सांगू लागलो. तिने ऐकले की नाही कोण जाणे. म्हणाली, "दादाला ठाऊक होते. मुक्तीनंतर तो एकदा गावी जाऊन आला ना, तेव्हापासून." वडिलांनी मला हे कधी सांगितले नाही. डोंगराची गोष्ट सांगताना ते नेहमी "डोंगर आहे" असे म्हणत, "होता" असे नव्हे. आम्ही तेच शिकलो.

मग तिने पाटाच्या कडेवर दोन बोटांनी ठेका धरला. आजोबांचा पहाटेचा, अगदी साधा: एक घाव, मग हात वर, थांबणे, पुन्हा घाव. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटास साठाला एखादी मात्रा अधिक-उणी. घाव मारल्यावर दोन मात्रा ती थांबे व मान किंचित डावीकडे कलवी, आणि मगच पुढचा घाव मारी. बाईमाणसाला नगारा शिकविण्याची रीत नव्हती. हे तिने ओसरीवर तांदूळ निवडताना घेतलेले असणार.

पुण्यतिथीस आम्ही दोन्ही चित्रे लावली, शेजारी शेजारी. गोष्ट सांगितली, ती "होता" अशी. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. गाणे झाल्यावर तिने शिष्यास जवळ बोलाविले व केरीच्या चित्रापाशी नेऊन, दोराच्या इकडच्या बाजूस किती माणसे आहेत ते पुन्हा एकदा मोजायला लावले. तो अकरा म्हणाला, ती बारा. एक लहान पोर तो विसरला होता.